नदीचा नकाशा: आधी घरी, मग काठावर

निर्जन भागातल्या नदीचा नकाशा करायचा असेल, तर पहिला आठवडा घरीच बसा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानाने ११ दिवस रडारने जमिनीची उंची मोजली. ती साधारण ३० मीटरच्या चौकटींत फुकट मिळते. ती माहिती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला काढा.

नदीची रेषा मात्र मी सॉफ्टवेअरवर सोडत नाही, उपग्रहचित्रावरून हाताने गिरवते. एका चौकटीला एकच उंची असते, त्यामुळे दहा मीटर रुंदीची घळ त्यात बुजून जाते. दाट जंगलात तर रडार बहुतेकदा जमिनीपर्यंत पोचतच नाही, झाडांच्या वरच्या अंगालाच अडतं. समोच्च रेषा नदी ओलांडताना टोक उगमाकडे करून वळते. ते टोक गिरवलेल्या पात्रावर बसत नसेल, तर थांबा आणि चूक कुठे आहे ते आधी शोधा.

मग प्रत्येक रेषा कितव्या किलोमीटरला नदी ओलांडते, ते लिहून काढा. ४ किलोमीटरला २० मीटर म्हणजे किलोमीटरला ५ मीटर उतार. हा आकडा सरासरीचा आहे, हे मी एकदा विसरले होते. दोन रेषांत तीन किलोमीटर अंतर होतं, म्हणून त्या टप्प्यावर मी ‘संथ’ असं लिहिलं. प्रत्यक्षात तिथे आरशासारखा डोह होता, त्यावर एक पिवळं पान गोल गोल फिरत होतं, आणि डोहाच्या कडेवरून पाणी सरळ खाली कोसळत होतं. जवळजवळ सगळा उतार त्या एकाच जागी. तेव्हापासून पायी पाहिल्याशिवाय मी ‘संथ’ हा शब्द लिहीत नाही.

घळीत आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते आणि जीपीएसचा ठिपका भरकटतो. एका जागी दहा मिनिटं उभं राहून सरासरी घ्या. धबधब्याची उंची मोजायला वायुदाबमापक बरा. समुद्रसपाटीजवळ दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण ८ मीटर, वर जाल तसे थोडे जास्त. पण हवा बदलली की दाबही बदलतो. म्हणून वर वाचन घ्या, लगेच खाली उतरून घ्या, आणि परत वर येऊन पहिलं वाचन जुळतंय का ते बघा. जुळलं नाही तर पुन्हा उतरा, कंटाळा करू नका.

फांद्यांत अडकलेला पुराचा काडीकचरा दिसला, तर पाण्यापासून त्याची उंचीही टिपा. आणि पात्राच्या रेषेशेजारी तारीख घाला, पुढच्या पुरानंतर ते तिथेच असेल असं नाही.