सोनटक्का: पावसाळ्यातल्या फुलांची तयारी उन्हाळ्यात

पुण्यात सोनटक्का वाढतो सगळीकडे, फुलत नाही अशी तक्रार मात्र फार. बहुतेक वेळा चूक एप्रिल-मेमधली असते.

हे आले-हळदीच्या कुळातले झाड. मूळ पूर्व हिमालयाकडचे, त्यामुळे पायाशी कायम ओल आणि भोवती दमट हवा त्याला हवी. पूर्वी वाड्यांत मोरीच्या पाण्यावर अळू-कर्दळीशेजारी तो सुखाने राहायचा. आता मोरीचे पाणी म्हणजे वॉशिंग मशीनचे, तेवढे देऊ नका. डिटर्जंटमधल्या क्षारांनी काळी माती आवळून घट्ट होते.

लागवड मेअखेर ते जूनमध्ये. दोन-तीन डोळे असलेला बोटभर लांब कंद घ्या, काप सावलीत एक दिवस सुकवून त्याला राख चोळा. चार-पाच सेंटीमीटर खोल, डोळे वर करून आडवा ठेवा. दोन कंदांत दीड फूट अंतर. कुंडी किमान १४ इंच रुंद हवी, कारण कंद आडवे पसरतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट. जागा सकाळच्या तीन-चार तास उन्हाची. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारच्या उन्हाने पाने कडेने करपतात, आणि दाट सावलीत नुसता पाला येतो. युरियाने तेच होते. त्यापेक्षा जूनपासून महिन्याला दोन मुठी शेणखत आणि चिमूटभर लाकडाची राख पुरे.

उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी, जमिनीत एक दिवसाआड, आणि बुडाशी दोन-तीन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन. या दिवसांत कंद वाळले, तर पावसात निघणारे फुटवे बारीक येतात आणि बारीक फुटव्याला फुलांचे कणीस धरत नाही. पावसाळ्यात उलटी काळजी: कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, कंद कुजतो. तो मऊ पडून वास मारू लागला की चांगला भाग कापून दुसऱ्या मातीत लावा.

एक दांडा एकदाच फुलतो. कणसातली शेवटची कळी उमलली की तो जमिनीलगत कापा. लोकांना हिरवा दांडा कापवत नाही, मग गर्दीत नव्या कोंबांना ऊन मिळत नाही. दर तीन वर्षांनी मेअखेर सगळा गड्डा उपटून विभागाच.

पावसाळ्यात पान सुरळीसारखे गुंडाळलेले दिसले, तर आत फुलपाखराची अळी असते. सुरळी उलगडून ती वेचा, फवारणीची गरज नाही. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढरट ठिपके म्हणजे लाल कोळी ही कीड. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

थंडीत झाड थंडावते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात फिरताना ते घ्यायचा मोह आवरा, आणि घरचे पिवळे पडले म्हणून खतही घालू नका.

फुले श्रावणापासून दिवाळीच्या आसपास. संध्याकाळी उमलतात, म्हणून गणपतीच्या आरतीसाठी चारच्या सुमारास फुगलेल्या कळ्या देठाला धरून खुडा. पाकळीला बोट लागले तर डाग पडतो. ओल्या फडक्यात, सोनटक्क्याच्याच पानात सैल गुंडाळा, दिवेलागणीला उमलतील. दुसऱ्या दिवशी फूल पिवळट होऊन मान टाकते, त्यामुळे रोजची रोज तोड.