लिगेती यांचे संगीत ऐकण्यास सुरुवात कशी करावी

हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेती (१९२३–२००६) यांच्या संगीताची ओळख करून घेताना आरंभ 'म्युझिका रिचेरकाटा' या पियानोसाठीच्या ११ छोट्या रचनांपासून करावा. हंगेरीत असताना १९५१ ते १९५३ या काळात त्यांनी त्या लिहिल्या. पहिल्या रचनेत एकच स्वर निरनिराळ्या सप्तकांत वाजत राहतो आणि अगदी अखेरीस दुसरा स्वर उमटतो. त्या क्षणाची वाट पाहत ऐकावे.

हंगेरीतील १९५६चा उठाव सोव्हिएत सैन्याने चिरडल्यावर लिगेती देश सोडून व्हिएन्नाला गेले आणि पुढच्या वर्षी जर्मनीतील कोलोनच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत काम करू लागले. तेथील अनुभव 'अ‍ॅटमॉस्फिअर्स' (१९६१) या वाद्यवृंदरचनेत उतरला, जरी तीत एकही इलेक्ट्रॉनिक ध्वनी नाही. येथे चाल किंवा ठेका शोधू नये, कारण अनेक स्वरपंक्ती इतक्या दाट विणलेल्या आहेत की एखादी वेगळी ओळखूच येत नाही. ध्वनीचा रंग आणि घनता कशी पालटते, याकडेच लक्ष द्यावे.

हीच वीण मानवी कंठातून ऐकायची असेल, तर १६ गायकांसाठीची 'लक्स इटर्ना' (१९६६) निवडावी. मला ती त्यांची सर्वांत सुंदर रचना वाटते. तिचा आरंभ अतिशय हळुवार असल्यामुळे ती शांत खोलीत, शक्यतो हेडफोन लावून ऐकावी.