एका विहिरीचे तीन आकडे: गावोगावच्या नोंदवह्या जोडायच्या कशा

मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही पाणीटंचाईचा आराखडा करायला बसलो होतो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची वही माझ्याकडे, पाणलोट समितीची वही समितीच्या काकांकडे, आणि शाळेतल्या पोट्ट्यांनी लिहिलेली वही गुरुजींजवळ. पिंपळाजवळच्या विहिरीचं पाणी काकांच्या वहीत २२, माझ्या वहीत १६ आणि पोट्ट्यांच्या वहीत साडेएकोणीस. तारीख एकच, तिन्हीकडे फूटच. ज्यांचं वावर त्या विहिरीला लागून आहे ते कास्तकार म्हणाले, "ताई, पाणी तं एकच हाय न, मंग तिघायचं तीन कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही टेप घेऊन विहिरीवर गेलो. चूक कुणाचीच नव्हती. काका कठड्याच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत मोजत होते, २२. कठडा अडीच फुटांचा, म्हणून जमिनीपासून मोजणाऱ्या पोट्ट्यांचे साडेएकोणीस. आणि आमच्या वहीत तळापासून पाण्याचा थर होता: कठड्यापासून तळ ३८ फूट, त्यातून २२ गेले की १६. तिन्ही वह्यांत रकान्याचं नाव मात्र एकच, 'पाणी किती'.

सहा गावांच्या नोंदी जोडायचं काम मी तेव्हापासून करते आहे. त्यासाठी जे शिकले त्याला सिमँटिक वेब म्हणतात. नाव जड आहे, पण काम साधं: नोंदीबरोबर तिचा अर्थही असा लिहायचा की दुसऱ्या गावच्या माणसाला आणि त्याच्या संगणकाला तो आपल्याला विचारावा लागू नये.

सुरुवात संगणकावर करू नका. वह्या लिहिणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ एकेका वाक्यात लिहून घ्या. आमचा पहिला शब्द असा ठरला: 'पाण्याची खोली म्हणजे विहिरीजवळच्या जमिनीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.' भूजल खात्याची निरीक्षण विहिरींची मापंही जमिनीपासूनच असतात, म्हणून हीच व्याख्या धरली. पिंपळाजवळच्या विहिरीचं त्या दिवशीचं माप झालं ५.९४ मीटर. कठड्याची उंची आणि विहिरीची एकूण खोली या दोन गोष्टी विहिरीच्या नावावर एकदाच लिहिल्या, म्हणजे जुन्या वह्यांमधले आकडेही बदलून घेता आले. या बैठकीला आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. त्या वाचवायला जाऊ नका, पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे.

मग प्रत्येक विहिरीला कायमचं नाव द्या. मालकाच्या नावावरून देऊ नका, वाटण्या होतात. गट नंबरावरूनही नको, गटाचे पोटहिस्से पडतात. गावाच्या नुसत्या नावावरही भिस्त ठेवू नका. वडगाव, पिंपळगाव, सावंगी आपल्याकडे किती आहेत ते तुम्हालाच ठाऊक. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. तो कोड आणि पुढे विहिरीचा अनुक्रमांक, एवढंच आमच्या विहिरीचं नाव. ते ऑइल पेंटने कठड्यावर लिहिलं आहे.

हेच नाव वेबवरचा पत्ता व्हायला हवं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये जोडलेल्या डेटाचे चार नियम मांडले: वस्तूंना वेबपत्त्याच्या रूपात नावं द्या, तो पत्ता उघडता यावा, उघडल्यावर ठरलेल्या पद्धतीत उपयोगी माहिती मिळावी, आणि तिथून दुसऱ्यांच्या पत्त्यांना दुवे असावेत. स्वतःची वेबसाइट घेतली आणि वर्गणी भरायची राहिली तर सगळ्या विहिरींची नावं एका दिवसात मरतील. म्हणून आम्ही डब्ल्यूथ्रीआयडी या कायमचे वेबपत्ते देणाऱ्या सेवेवरचे पत्ते वापरतो. माहिती उद्या दुसऱ्या संगणकावर हलवली तरी तो पत्ता तिकडे वळवता येतो.

आता लिहिण्याची रीत. आरडीएफ म्हणजे जोडलेला डेटा लिहायची ठरलेली पद्धत. तिच्यात प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांच्या वाक्यात लिहितात: कोण, कोणतं नातं, काय. 'विहीर ७ – गाव – अमुक.' 'विहीर ७ – कठड्याची उंची – ०.७६ मीटर.' इथे मी सुरुवातीला एक मोठी चूक केली. 'विहीर ७ – पाण्याची खोली – ५.९४' असं थेट विहिरीला चिकटवलं. पुढच्या महिन्यात दुसरा आकडा आला तेव्हा एकाच विहिरीला दोन खोल्या झाल्या आणि कोणती कधीची ते कळेना. मोजणी ही स्वतंत्र वस्तू माना आणि तिलाही स्वतःचं नाव द्या. मग तिच्याबद्दल लिहा: कोणती विहीर, काय मोजलं, किती, कोणत्या एककात, कधी, कुणी, कशाने. नेमकी हीच मांडणी सोसा नावाच्या शब्दसंग्रहात तयार आहे. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी आणि नकाशे-स्थळांच्या माहितीची मानकं ठरवणारी ओजीसी या संस्थांनी २०१७ मध्ये तो जाहीर केला. एककांसाठी क्यूयूडीटी नावाचा तसाच शब्दसंग्रह आहे. जिथे तयार शब्द आहे तिथे आपला नवा काढू नये, नाहीतर शेजारच्या तालुक्याशी जोडताना पुन्हा ओट्यावर बसावं लागतं.

पिकांच्या नावांना मात्र जपून हात घाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अॅग्रोव्हॉक हा शेतीविषयक शब्दसंग्रह चांगला आहे. आमच्या एका वहीत 'पऱ्हाटी' होतं, दुसरीत 'कापूस', आणि बाहेरून आलेल्या एका ताईंनी दोन्हींना समानार्थी ठरवलं. कास्तकाराला पऱ्हाटी म्हणजे झाड, कापूस म्हणजे वेचणीचा माल. जिनिंगमधून निघाली की ती रुई, आणि उरली ती सरकी. अॅग्रोव्हॉकमध्येही झाड आणि कापूस वेगळे आहेत. खंडीचंही तसंच: रुईच्या व्यापारात खंडी ३५६ किलोची, पण भंडारा-गोंदियाकडे धानाची खंडी म्हटली की माप वेगळं. बोलीतला शब्द टाकून देऊ नका. शब्दसंग्रह लिहायच्या स्कॉस नावाच्या पद्धतीत एका संकल्पनेला अनेक नावं लावता येतात, तिथे तो ठेवा. फक्त योग्य संकल्पनेला लावा.

दोन ठिकाणच्या नोंदी जोडताना 'तंतोतंत तीच वस्तू' हे नातं सहज वापरू नका. आमच्या एका गटात सरकारी निरीक्षण विहीर आहे आणि तिच्यापासून पन्नास पावलांवर आमची. सगळे सांगत होते, एकच आहे. तसं लिहून टाकलं असतं तर संगणकाने एकीची मापं दुसरीच्या नावावर निमूट चढवली असती. आधी पायी जाऊन बघा.

तपासणीसाठी शॅकल आहे, म्हणजे नोंद कशी असावी याचे नियम लिहायची भाषा. तारीख नसलेली नोंद, एकक नसलेला आकडा, किंवा विहिरीच्या तळाच्याही खाली गेलेलं पाणी त्यात लगेच सापडतं. वहीतून आरडीएफ करायला आम्ही ओपनरिफाइन वापरतो, साठवायला अपाची जेना फुसेकी. दोन्ही फुकट आहेत आणि जुन्या लॅपटॉपवर चालतात.

विचारणा स्पार्कलमध्ये, म्हणजे आरडीएफच्या साठ्याला प्रश्न विचारायच्या भाषेत होते. २०१३ च्या आवृत्तीपासून एकच प्रश्न अनेक ठिकाणच्या साठ्यांना एकदम विचारता येतो. म्हणजे समितीची वही समितीकडे राहते, आमची आमच्याकडे, आणि उत्तर जोडून मिळतं. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पूर्वी एका बाहेरच्या संस्थेने आमच्या नोंदी उचलून नेल्या आणि परत काहीही आलं नाही, म्हणून गावकरी वही सोडायला घाबरत होते. आता कुणाला काय बघता येईल ते ओडीआरएल या परवानग्या लिहायच्या पद्धतीने नोंदीसोबतच लिहितो आणि मालकाचं नाव, कर्ज, मोबाइल नंबर या वाटणीत येतच नाहीत. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच केलं असतं. मोजणाऱ्याची नोंद मात्र मोजणीसोबत जाते, नावाऐवजी मोजणाऱ्यांच्या चमूच्या क्रमांकाने, म्हणजे शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळतं.

तुम्ही सुरू करत असाल तर दहा विहिरी आणि एकच शब्द घ्या, पाण्याची खोली. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पहिलं माप घ्या. आणि एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, आम्ही तो उशिरा घातला: मोटर शेवटची कधी चालली. चालत्या मोटरीचं पाणी आणि थांबलेल्या विहिरीचं पाणी हे दोन वेगळे अर्थ आहेत, हे आम्हाला त्याच कास्तकाराने शिकवलं. ज्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री असते, त्या आठवड्यात सकाळी मोजायला जाऊ नका. पाणी स्थिरावू द्या, दुपारी चारनंतर टेप सोडा.