स्कोपमधून पक्ष्यांचे फोटो: वीसवरच थांबा

स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे ट्रायपॉडवरच्या एकडोळी दुर्बिणीला कॅमेरा लावला की पहिला मोह होतो तो आयपीस (डोळ्याकडची झूमची काच) ६० पटीवर फिरवण्याचा. तो आवरा. नाशिकच्या आम्हा मंडळींचं हक्काचं ठिकाण म्हणजे निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य. तिथे नव्याने डिजिस्कोपिंग, म्हणजे स्कोपमधून डिजिटल फोटो, करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. ८० मिलिमीटरच्या स्कोपमधून २० पटीला जो उजेड कॅमेऱ्यात उतरतो, त्याचा नववा हिस्साच ६०ला उरतो. म्हणजे २०वर शटर १/५०० मिळत असेल तर ६०वर ते १/६०च्या आसपास येतं. त्यात पाण्यावरची थरथरती हवाही तिप्पट मोठी दिसते. पक्षी मोठा होतो, पण पिसं पुसली जातात. २० ते ३०च्या मधे राहा आणि नंतर फोटो कापा.

एवढ्यानेही भरपूर जवळ जाता येतं. माझा कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे लहान सेन्सरचा, त्यावर २५ मिलिमीटरची छोटी लेन्स. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशोबात ५०. स्कोप २५ पटीला असेल तर गुणाकार १२५० मिलिमीटर. तेवढ्या टेलिफोटोची किंमत काढून बघा! १९९९च्या सुमारास मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने या पद्धतीची वाट दाखवली, तीही अशीच स्कोपच्या भरवशावर.

लेन्स लहान आणि पुढची काच छोटी असलेलीच घ्या. मोठ्या झूम लेन्सने फोटोभोवती काळं वर्तुळ येतं. थोडं वर्तुळ आलंच तर कॅमेरा आयपीसच्या जवळ-लांब सरकवून बघा. एका ठरावीक अंतरावर ते सगळ्यात कमी होतं. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवा, कारण ते बारीक केलं की काळ्या कडा उलट वाढतात. मोबाइल असेल तर मुख्य लेन्स वापरा, वाइड नको, आणि फोन आपोआप लेन्स बदलतो ती सोय बंद करा. कॅमेरा किंवा फोन स्कोपला जोडणारा अ‍ॅडॉप्टर घट्ट बसणारा हवा. हाताने धरून एखादा फोटो जमतो, रोज जमत नाही.

आता ट्रायपॉड, कारण निम्मे फोटो तिथेच बिघडतात. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर दृश्य छान दिसतं, पण कुणी जिना चढायला लागलं की फळ्या हलतात आणि १२५० मिलिमीटरला ते पाऊल फोटोत उमटतं. मी शक्यतो खाली बांधावर बसतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करायचे नाहीत, मधला दांडा वर काढायचा नाही, बॅग ट्रायपॉडच्या हुकाला अडकवायची पण जमिनीला टेकेल इतकी, नाहीतर ती वाऱ्यावर झुलते. ट्रायपॉडचं हेड (स्कोप बसतो तो वरचा भाग) व्हिडिओचं असेल तर उत्तम. शटर बोटाने दाबू नका. रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर लावा. होडीत मात्र स्कोप नेऊच नका.

फोकस करताना आधी डोळ्याने स्कोप जुळवा. मग कॅमेरा लावून लेन्स अनंतावर ठेवा, स्क्रीनवर पक्ष्याचा डोळा मोठा करा आणि स्कोपचं चाक केसभर फिरवा. जांभळी पाणकोंबडी त्यासाठी सगळ्यात चांगली शिक्षिका. पाणकणसाचा कोंब एका पायात धरून ती सावकाश खात बसते. कपाळावरची लाल ढाल, चोच आणि पाय यांच्यातलं अंतर एवढं असतं की फोकस कुठे पडलाय ते लगेच कळतं. उजळ प्रकाशात काळ्या चिखलावरचा बगळा टिपताना एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाऊण स्टॉप, म्हणजे उजेडाच्या मापाची पाऊण पायरी, खाली आणा, नाहीतर पिसांचा चुना होतो.

वेळ सूर्योदयापासून फार तर साडेनऊपर्यंतची. निफाडची थंडी ठाऊक असेलच: उबदार गाडीतून काढलेला स्कोप पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवल्याशिवाय चित्र स्थिर होत नाही, आणि आयपीसजवळ श्वास सोडला की काचेवर वाफ धरते. रुमाल नाकावर बांधा. ऊन चढलं की पलीकडच्या काठावरचे चक्रवाक लाटेसारखे हलू लागतात. मग कितीही महागडी काच असली तरी काही उपयोग नाही, फोटो थांबवून नुसते पक्षी बघा.

या पद्धतीवर माझा जीव आहे तो एका कारणासाठी. झोपलेल्या थव्याला उठवावं लागत नाही. पक्षी माना वर करून एकाच दिशेला बघू लागले की समजा आपण फार पुढे आलो. तिथूनच मागे या.

आणि पाय-मान नीट बघत जा. पट्टकदंबाच्या गळ्यात पट्टा किंवा चिखलातल्या एखाद्या पाहुण्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत कडी दिसली तर फोटो देखणा असण्याची गरज नाही, अक्षरं वाचता आली पाहिजेत. तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, मी ६०पर्यंत जातो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवून लागोपाठ दहा-बारा फोटो काढतो. हवा क्षणभर शांत होते त्यातलं एखादं चित्र स्वच्छ निघतं. कडीचा रंग, ती डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं, तारीख, जागा एवढं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा.