इलेक्ट्रोलाइटमध्ये ऍडिटिव्ह घालताना या चुका टाळा

लिथियम-आयन बॅटरीचा सेल लवकर बिघडला की इलेक्ट्रोलाइटमधले (आयन वाहून नेणाऱ्या द्रवातले) ऍडिटिव्ह, म्हणजे थोड्या प्रमाणात घालायचे पूरक रसायन, वाढवायचे, ही सवय बेळगाव-खानापूर भागातून प्रकल्पासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये मी वारंवार पाहतो. खरा दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. इलेक्ट्रोलाइटमधला क्षार, लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, पाण्याच्या अंशानेही विघटित होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करते, आणि ते आम्ल कॅथोडमधील (धन इलेक्ट्रोडमधील) धातू विरघळवते.

एका आषाढात येथील एका प्रयोगशाळेतील मुलाच्या कॉइन सेलची (नाण्यासारख्या छोट्या चाचणी-सेलची) क्षमता सुरुवातीच्या चक्रांतच घसरू लागली. त्याने व्हिनिलीन कार्बोनेट हे ऍडिटिव्ह 2 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर नेले आणि सेलचा अंतर्गत रोध आणखी वाढला. हे ऍडिटिव्ह ऋण इलेक्ट्रोडच्या ग्राफाइटवर इथिलीन कार्बोनेट या द्रावकाच्या आधी विघटित होऊन संरक्षक थर बसवते, पण प्रमाण जास्त झाले की तोच थर लिथियमची वाट अडवतो. सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले सच्छिद्र पडदे, कुठे ठेवले होते, असे मी विचारले. "सर, पाकिटातच होते," तो म्हणाला. पाकीट टेबलावर होते, तोंड दुमडून वर रबर लावलेला. बाहेर झड लागलेली. इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये वाळवले होते खरे, पण ग्लोव्हबॉक्सपर्यंत (जिच्यात सेल जुळवतात त्या कोरड्या बंद पेटीपर्यंत) ते उघड्या ट्रेमधून नेले गेले होते. इलेक्ट्रोड 120 अंशांवर आणि सेपरेटर सुमारे 60 अंशांवर निर्वातात पुन्हा वाळवून थेट आत नेल्यावर जुन्या 2 टक्क्यांनीच काम भागले.

म्हणून पावसाळ्यात मी कार्ल फिशर यंत्रावर पाण्याचे प्रमाण दशलक्षात 20 भागांच्या खाली दिसल्याशिवाय बाटलीत काही मिसळू देत नाही, आणि ऍडिटिव्ह नसलेला सेल तुलनेसाठी दर वेळी लावतो. हा सेल वगळून वेळ वाचवणाऱ्यांच्या आलेखांवर माझा विश्वास नाही.

ऍडिटिव्ह थेंब मोजून घालू नका, वजन करा. इलेक्ट्रोलाइट काचेच्या बाटलीत साठवू नका, कारण हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते आणि त्यातून पुन्हा पाणी सुटते. व्हिनिलीन कार्बोनेट पिवळे पडले असेल तर ती बाटली बाजूला ठेवा.

फॉर्मेशनची, म्हणजे नव्या सेलच्या पहिल्या चार्ज-डिस्चार्ज चक्रांची, घाई मला सर्वात खटकते. निकाल लवकर हवा म्हणून पहिलेच चार्जिंग 1सी दराने (सुमारे तासाभरात पूर्ण) करणाऱ्यांना संरक्षक थर एकसारखा बसण्याची अपेक्षा धरता येत नाही. मी पहिली दोन चक्रे 0.1सी किंवा त्याहून कमी दराने घेतो. सिलिकॉन ऍनोडसाठी (ऋण इलेक्ट्रोडसाठी) फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट हे ऍडिटिव्ह उपयोगी पडते, पण ते चक्रागणिक खर्च होत जाते आणि 60 अंशांच्या आसपास लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेटच्या सान्निध्यात विघटित होऊन वायू व आम्ल देते. त्यामुळे उष्णतेच्या चाचणीत असा सेल फुगला तर आधी या ऍडिटिव्हचे प्रमाण तपासा.