स्पोर्ट्‌स कार जर्मन, रस्ता सोलापूरचा: घेण्याआधी या चुका टाळा

सात रस्त्याच्या सिग्नलला बीएमडब्ल्यू झेड४ किंवा ऑडी टीटी थांबली की शेजारचा बुलेटवाला वाकून विचारणारच, "अ‍ॅव्हरेज किती देते?" हसू नका, प्रश्न चुकीचा नाही. पण गाडी घेणारा स्वतःसुद्धा हाच प्रश्न पहिला विचारतो आणि ज्यात खरा पैसा जातो ते विचारायचं राहून जातं.

अ‍ॅव्हरेजवरून गाडी निवडणं

कागद-पेन घ्या. अशी गाडी हौसेची असते, वर्षाला ८,००० किलोमीटर फिरली तरी खूप. पेट्रोल लिटरमागे १०५ रुपये धरू. लिटरला ९ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला साधारण ९३ हजारांचं पेट्रोल पिते, १२ देणारी ७० हजारांचं. फरक २३ हजारांचा. आता दुसरी बाजू बघा. ७० लाखांची गाडी चार वर्षांनी ४५ लाखांना गेली, तर वर्षाला सव्वासहा लाख रुपये गाडी नुसती दारात उभी राहूनही गेले. त्यात विम्याचा हप्ता, रुंद टायर आणि कर्जाचं व्याज धरा. पेट्रोलचा आकडा या सगळ्यांत लहान निघतो.

दोन गाड्यांची तुलना करायचीच असेल, तर १०० किलोमीटरला किती लिटर लागतात ते मोजा. जर्मन गाड्यांच्या डिस्प्लेवर बऱ्याचदा हाच आकडा असतो आणि तो उलटा वाचून लोक फसतात: तिथे आकडा वाढला म्हणजे खर्च वाढला. लिटरला ७ वरून ९ वर गेलात तर १०० किलोमीटरला तीन लिटरहून जास्त वाचतात. १४ वरून १८ वर गेलात तर दीडच्या आसपास. ऐकायला दुसरी उडी मोठी, खिशाला पहिली.

ब्रोशरचं अ‍ॅव्हरेज मिळत नाही म्हणून गाडीला दोष देणं

ब्रोशरमधला आकडा चाचणीत मिळालेला असतो, आणि आपल्याकडच्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतो ते दाखवा. परदेशी वेबसाइटवरचा जुना आकडाही जपून वाचा. युरोपात २०१७ पासून नवी, जास्त कडक चाचणी आली. त्याआधीच्या मॉडेलांचे आकडे जुन्या, सौम्य चाचणीचे आहेत. २०१४ ची गाडी २०१९ च्या गाडीपेक्षा कागदावर काटकसरी दिसते ती बऱ्याचदा यामुळे.

तरीही अ‍ॅव्हरेज एकदम पडलं असेल, तर फिटरकडे जाण्याआधी घरच्या घरी काही गोष्टी बघता येतात. टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. पुणे रोडवरून येऊन पंपावर गरम टायरची हवा मोजली तर आकडा फुगलेला येतो आणि पंपावरचा पोरगा तेवढी हवा काढून मोकळा होतो. फेरी मारून आल्यावर रिमला हात न लावता चारही चाकांजवळ तळहात धरा. एकाच चाकाची धग जास्त लागली तर ब्रेक चिकटत असेल. मग स्वतःचा वेग आठवा. ९० वरून १२० वर गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. चारपदरी महामार्गावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारची कमाल मर्यादा १०० आहे, आणि फलकावर कमी लिहिली असेल तर ती पाळायची. म्हणजे नियमात चालवलं तर निम्मी तक्रार आपोआप मिटते.

कोणतंही पेट्रोल चालतं असं समजणं

पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. बहुतेक जर्मन टर्बो गाड्यांवर ऑक्टेनचा (पेट्रोल अवेळी पेटणं किती टाळतं त्याचा) किमान आकडा ९५ लिहिलेला असतो आणि काहींवर ९८ ची शिफारस असते. आपल्याकडचं साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं मिळत होतं. कमी ऑक्टेन गेलं की इंजिनातला नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचे धक्के ओळखणारा) ठिणगीची वेळ मागे ओढतो. इंजिन वाचतं, पण ताकद घटते आणि अ‍ॅव्हरेजही पडतं. लिटरमागे वाचवलेले पैसे किलोमीटरमागे परत जातात. इंडियन ऑइलच्या एक्सपी९५सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल गावातल्या कोणत्या पंपावर नेहमी मिळतं, हे गाडी घेण्याआधी बघून ठेवा. १०० ऑक्टेनचं पेट्रोल रोज घालायची मात्र गरज नाही. ज्या इंजिनाचं ट्यूनिंग ९५ साठी आहे, त्याला वरचा आकडा फारसा काही देत नाही.

इथेनॉल हा वेगळा विषय, आणि आपल्या जिल्ह्याला तो नवा नाही. उसाच्या मळीतून निघालेलं इथेनॉल कदाचित आपल्याच कारखान्याचं असेल आणि आपल्याच टाकीत परत येत असेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. म्हणजे १० देणारी गाडी साडेनऊच्या आत आली तर तो बिघाड नव्हे. मात्र त्या स्टिकरवर ई१० (१० टक्के इथेनॉल) पर्यंतच परवानगी दिसली, तर २० टक्के मिश्रणाबद्दल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागा. तोंडी "चालतंय की" हे उत्तर नाही. आणि अशी गाडी महिनोन् महिने झाकून ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. बॅटरीही हळूहळू उतरते, आणि नव्या बीएमडब्ल्यूंमध्ये बॅटरी बदलली की तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. गल्लीतल्या बॅटरीवाल्याकडे ती सोय नसते.

शून्य ते शंभरच्या आकड्याला भुलणं

पोर्शे ७१८ केमनचं दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन ३०० अश्वशक्तीचं. ऑटोमॅटिक गियरबॉक्ससह ४.९ सेकंदांत शंभर. तीन लिटर सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू एम३४०आय ४.४ सेकंदांत. कागदावर चार दारांची, डिकीत बॅगा मावणारी बीएमडब्ल्यू जिंकली. पण केमन जवळपास चारशे किलोंनी हलकी आहे आणि तिचं इंजिन मधोमध बसवलंय. तुळजापूरच्या घाटात ती कशी वळते याचा हिशेब त्या अर्ध्या सेकंदात येत नाही. दुसरीकडे, विजापूर रोडवरचे गतिरोधक आणि केमनचं बुटकं नाक यांचं जमत नाही. माझं मत विचाराल तर पुणे-हैदराबाद ये-जा करणाऱ्याने एम३४०आयसारखी गाडी घ्यावी. केमन त्याने घ्यावी ज्याच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे आणि ज्याला रविवारी पहाटे उठायचा कंटाळा नाही.

पहाटच म्हणतोय, रात्र नाही. गाळप हंगामात मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात मागचा दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. त्या वेळी महत्त्व ब्रेकला आणि टायरला, अश्वशक्तीला नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी आपल्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं.

स्वस्तात मिळाली म्हणून घेणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. १८ लाखांत जुनी टीटी मिळाली म्हणून तिची हेडलाइट १८ लाखांच्या गाडीची होत नाही. सुट्या भागांची किंमत नव्या गाडीच्या किमतीशी बांधलेली असते, तुम्ही किती दिले याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून खरेदीच्या रकमेखेरीज पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवा. ते नसतील, तर गाडी परवडत नाही असंच समजा.

मॉडेल बघताना इंजिन कोणतं ते विचारा. पोर्शेच्या बॉक्स्टर, केमन आणि ९११ च्या साध्या मॉडेलांमध्ये २००८ पर्यंतच्या इंजिनांत मधल्या शाफ्टचं बेअरिंग निकामी होण्याची भीती होती. २००९ च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. ऑडी-फोक्सवॅगनच्या २००८ ते २०१२ च्या आसपासच्या दोन लिटर टर्बोमध्ये बऱ्याच गाड्या ऑइल खातात. "दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल टॉपअप लागलं?" हे मालकाला साधेपणाने विचारा, आणि उत्तराला वेळ लागला तर समजून जा. २०१२ ते २०१५ च्या चार सिलिंडर बीएमडब्ल्यूंमध्ये टायमिंग चेनच्या गाइडचा त्रास दिसलाय. एम३४०आयचं सहा सिलिंडर इंजिन याउलट दणकट म्हणून ओळखलं जातं.

तेच इंजिन झेड४ च्या एम४०आयमध्येही आहे. पण एम३४०आय चेन्नईत जोडली जाते आणि झेड४ ऑस्ट्रियातल्या ग्राट्‌समध्ये तयार होऊन आली. इंजिनाचं काम एकवेळ होईल, पण झेड४ च्या दाराला पोचा आला की वाट बघत बसा. फोक्सवॅगन पोलो जीटीआयचंही असंच. २०१६ मध्ये फक्त ९९ गाड्या आल्या, साडेपंचवीस लाखांच्या वर किंमत ऐकून लोकांनी पाठ फिरवली आणि पुढे किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. गाडी मजेदार, पण तीन दारांची. आपल्या चाकणच्या पोलोचा दरवाजा तिला बसत नाही.

हैदराबाद किंवा बेंगळुरूहून आणत असाल, तर तिकडच्या आरटीओची एनओसी, गाडीवर कर्ज आहे का, आणि एमएच-१३ पासिंगला भरायचा कर हे सगळं टोकन देण्याआधी. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला स्थानिक पेट्रोल गाडीहून जास्त दराने कर लागतो. विकणारा एजंट हे स्वतःहून सांगत नाही.

बंद पडली की टोचन लावणं

ऑडीची क्वाट्रो किंवा बीएमडब्ल्यूची एक्सड्राइव्ह असेल, तर गाडीची चारही चाकं एकमेकांना जोडलेली असतात. पुढची दोन उचलून मागची रस्त्यावर फरफटवली, तर शे-दोनशे रुपयांच्या होजपाइपचं काम गियरबॉक्सपर्यंत जातं. सावळेश्वर टोलजवळ गाडी थांबली तर दोरी आणि नेहमीची क्रेन, दोन्हींना नाही म्हणा. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी मागवा, तिचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा, आणि विम्यात रोडसाइड असिस्टन्स किती किलोमीटरपर्यंत आहे ते वाचा. पुण्याचं सर्व्हिस सेंटर अडीचशे किलोमीटरवर आहे. अनेक पॉलिसींची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे संपते.

सकाळच्या गारव्यात ट्रायल मारणं

विकणारा सकाळी आठला बोलावतो. तुम्ही दुपारी दोनला जा. आधी बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करा, म्हणजे सुरू होतानाचा आवाज आणि धूर कळेल. मग एसी पूर्ण लावून आसरा चौकाच्या गर्दीतून अर्धा तास रांगत न्या. ऑडी-फोक्सवॅगनच्या कोरड्या क्लचचा गियरबॉक्स असेल तर पहिल्या-दुसऱ्या गियरमधला झटका इथेच कळतो. परत आल्यावर गाडी चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा, तापमानाचा काटा बघा, खाली कूलंटचा थेंब पडतो का बघा. शेवटी गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) काढा. आदल्या रात्रीच कोड पुसले असतील, तर "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हा आकडाही बऱ्याच स्कॅनरवर दिसतो. तो तीस-चाळीस निघाला, तर टोकनचे पैसे खिशातच राहू द्या.