भात कापल्यावर खाचर उघडे टाकू नका

गोराई-मनोरीपासून वसईपर्यंत हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी भाते दसऱ्याच्या आगेमागे निघतात. त्यानंतर बहुतेक खाचरे जूनपर्यंत मोकळी पडतात आणि जमीन बिघडते ती याच काळात. खाडीलगत तर दुहेरी नुकसान. पावसाने खाली ढकललेले क्षार ऊन तापू लागले की ओलाव्याबरोबर वर चढतात. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. जानेवारीत ढेकळांवर दिसणारी पांढरी साय तीच.

म्हणून कापणी अगदी जमिनीलगत करा. उंच खुंट ठेवले तर त्यांना फुटवे येतात आणि उरलीसुरली ओल तेच पितात. नांगर घालू नका. मूठभर माती दाबून गोळा करा. गोळा झाला आणि टिचकी मारताच फुटला, तर त्याच दिवशी कडवे वाल टोका, म्हणजे लहान खड्डे करून बी टाका. हाताला चिकटली तर दोन-चार दिवस थांबा, नाहीतर बी कुजते. गुंठ्याला साधारण अर्धा किलो बी लागते. किलोला 25 ग्रॅम रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) गार केलेल्या गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा. ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा, रोपांत 15 ते 20.

खारवट तुकड्यात मात्र वालाचा हट्ट नको, कडधान्याला मीठ सोसत नाही. आधी माती तपासा. आठ-दहा ठिकाणची 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती मिसळून अर्धा किलो नमुना द्या. क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर तिथे नुसता पेंढा अंथरा. पाण्याची सोय असेल तर बीट लावून बघा. अहवाल न बघता जिप्सम टाकणे म्हणजे पैसे फुकट. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचे औषध आहे, नुसत्या खारटपणाचे नव्हे.

पेंढा गुंठ्याला 40-50 किलो पुरतो, म्हणजे त्याच गुंठ्यातला जवळपास सगळा. तबेलेवाला चांगला भाव देतो हे खरे. विकायचाच तर निम्मा विका आणि बदल्यात कुजलेले शेण आणा. रोपे वीतभर झाल्यावर ओळींमध्ये चार बोटे जाड थर द्या, खोडाभोवती दोन बोटे जागा सोडा. पेंढा मातीत गाडू नका. तो कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र ओढतात आणि पीक पिवळे पडते.

आच्छादनाखाली गोगलगायी लपतात. संध्याकाळी ओली गोणपाटे पसरा, सकाळी उलटून वेचा, मिठाच्या पाण्यात बुडवा. पण ते पाणी शेतात ओतू नका.

महिन्याभराने एक रोप हलकेच खणून मुळांवरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्र बांधले जात आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नत्र बांधले जात नाही.

शेंगा निघाल्यावर झाड उपटू नका, विळ्याने कापा. मुळे जागेवरच कुजू द्या. जूनमध्ये चिखलणी केली की कमावलेली भुसभुशीत माती बरीचशी मोडते. नेरळच्या सगुणा बागेतली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत गादीवाफ्यांवर, 25 सेंटिमीटर अंतराने भात टोकते आणि चिखलणी टाळते. पहिल्या वर्षी तण फार येते, तेव्हा सुरुवात दोन-तीन गुंठ्यांवरच करा. तेही पाणी न तुंबणाऱ्या वरकस, म्हणजे उंचावरच्या बाजूला.